सदस्य काढा

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं वहिनीबद्दल बावीस वर्षांत कुणाला म्हणता आलं नव्हतं. त्या शनिवारी आलं. कारखान्याच्या वरच्या ऑफिसात सकाळचा चहा चालला होता, ती लॅपटॉप उघडून फोल्डरच्या सदस्यांची यादी साफ करत बसली होती, आणि सहज बोलून गेली, "अहो, आपल्या निळ्या शेडच्या फोल्डरमध्ये एक मांजर बसलंय."

सासूबाईंनी पाय खुर्चीवर घेतले. "कुठे?"

"खरं नव्हे हो, आई. सदस्याचं नाव आहे. 'निळी मांजर'. फोटोपण मांजराचाच. नुसतं पाहूच शकत नाही, बदलही करू शकते."

दादानं कप खाली ठेवला. दादा म्हणजे वहिनीचा नवरा, घरातला थोरला, आणि वडील गेल्यापासून कारखान्याचा मालक. "आपल्या घरात मांजर नावाचं कोण आहे?" त्यानं विचारलं. हे त्यानं विनोदानं विचारलं नव्हतं. दादा विनोद करत नसे.

"कुणी नाही. आत्यांनी जोडलंय तिला, दोन महिन्यांपूर्वी. इथे लिहिलंय तसं."

बस्स. एवढंच. पुढचं सगळं या एका वाक्यातून निघालं, आणि वहिनीला ते नंतर कितीतरी दिवस गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

ऑफिसच्या खाली तीन मोठे टब होते. गालिचेवाल्यांचं, स्वेटरवाल्यांचं सूत रंगवून द्यायचं, हा घरचा धंदा. अकराशेवर शेड, म्हणजे रंगछटा, होत्या आणि प्रत्येक शेडची कृती वेगळी: कुठला रंग किती टक्के, मीठ किती, सोडा कधी टाकायचा, पाणी किती तापवायचं, किती मिनिटं. हे सगळं पूर्वी कार्डांवर असायचं, आत्याच्या तिरप्या अक्षरात. आत्या ही दादाच्या वडिलांची धाकटी बहीण. तिनं लग्न केलं नाही, चाळीस वर्षं शेड जुळवायच्या खोलीत खिडकीपाशी उभी राहिली. वहिनी या घरात आली तेव्हा तिला लाल आणि लाल यात फरक असतो हे आत्यानंच शिकवलं. तीन वर्षांपूर्वी वहिनीनं इंटरनेटवर 'कारखाना' नावाचं फोल्डर उघडलं, घरातल्या सगळ्यांना सदस्य केलं, आणि आत्यानं एकेका कार्डाचा फोटो काढून, खाली कृती पुन्हा टाइप करून, सगळं त्यात चढवलं. त्यात तिचा एक हिवाळा गेला. मग गेल्या वर्षी दादानं जागा हवी म्हणून कार्डांची कपाटं रद्दीत काढली, आत्याला न विचारता. त्या दिवसापासून आत्यानं कारखान्याची पायरी चढली नाही. धाकटा, म्हणजे दादाचा भाऊ, रोज संध्याकाळी रंगवलेल्या लडीचा तुकडा तिच्या घरी देऊन यायचा आणि ती फोल्डरमध्ये काय कमी, काय जास्त ते लिहायची. असं चाललं होतं. आत्या कारखान्यात नव्हती आणि कारखाना आत्यावरच चालला होता.

"मुकादम," दादा म्हणाला.

"कोण मुकादम?" धाकट्यानं विचारलं, पण त्याचे कान लाल झाले होते.

"तोच. तुझ्याशी भांडून पलीकडच्या कारखान्यात गेला तो. आत्या त्याला आजारपणात भेटायला गेली होती का नव्हती?"

"गेली होती," सासूबाई म्हणाल्या. "फळं घेऊन."

"झालं तर. फळं घेऊन गेली आणि निळ्या शेड देऊन आली."

धाकटा सुरुवातीला आत्याच्या बाजूचा होता. तो म्हणालाही, की दादा, काहीतरीच काय, एकदा विचारून घेऊ. पण मुकादमाचं नाव निघालं आणि त्याच्या डोक्यात जुनं भांडण शिरलं. वहिनीला ते समोर दिसलं. माणूस एका क्षणात कसा या खुर्चीतून त्या खुर्चीत जाऊन बसतो, बूड न हलवता, ते तिनं पाहिलं. धाकटा म्हणाला, "त्या माणसाच्या हातात आपली निळी गेली असेल तर आपण धंदा बंद करून घरी बसावं."

"विचारून तर बघू," वहिनी म्हणाली. आवाज जरा बारीकच निघाला.

"विचारून काय होणार?" दादा म्हणाला. "विचारलं की ती कार्डांचं काढणार. तू ते रद्दीत घातलंस, तू हे केलंस. मूळ मुद्दा राहील बाजूला."

"माझी नणंद आहे ती," सासूबाई म्हणाल्या. "पंचेचाळीस वर्षं ओळखते. विचारलं की गप्प बसते, आणि मग विचारणाऱ्यालाच चोरासारखं वाटायला लागतं."

हे मात्र खरं होतं. सासूबाई उभ्या आयुष्यात या नणंदेपुढे अशा कितीदा चोरासारख्या बसल्या असतील, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आज त्यांची पाळी आली होती.

सासऱ्यांच्या वेळेपासून घरात एक रीत होती. निर्णय घ्यायचा तर थोरल्यानं तीनदा विचारायचं, 'कुणाची ना?' तीनदा कुणी बोललं नाही तर सगळे राजी. दादानं विचारलं. धाकट्यानं खिडकीबाहेर पाहिलं. दादानं पुन्हा विचारलं. सासूबाईंनी पदर सारखा केला. तिसऱ्यांदा विचारताना दादा वहिनीकडे बघत होता, कारण फोल्डर तिनं उघडलेलं आणि बटणं तिला कळत. वहिनी मूग गिळून बसली. तिला वाटलं, दोन दिवसांनी आत्याकडे जाऊ, समजूत घालू, पुन्हा जोडून घेऊ. जोडायला काय, एक मिनिट लागतं. माणूस असं काहीतरी स्वतःला सांगतोच.

"दोघींना काढ," दादा म्हणाला. "मांजराला आणि आत्याला."

तिनं आधी मांजर काढलं. मग आत्याच्या नावावर बोट ठेवलं. चौकट आली: 'सदस्य काढा'. आणि खाली, 'तुमची खात्री आहे?' वहिनीला खात्री नव्हती. तिनं 'होय' दाबलं.

पाच मिनिटं काहीच झालं नाही. दादानं उरलेला चहा प्यायला. धाकटा खाली गेला, कारण मोठ्या टबात पाणी तापत होतं आणि भिजवलेल्या लड्या दोऱ्यांवर टांगून तयार होत्या. गालिचेवाल्यांचं काम होतं. नऊ महिने विणलेला गालिचा अर्धा होऊन मागावर थांबला होता, पहिल्या खेपेचं निळं सूत संपलं म्हणून, आणि आता दुसऱ्या खेपेचं सूत त्याच निळ्यात हवं होतं. दुपारी त्यांची गाडी येणार होती. सूत जरा जरी वेगळं निघालं, तर गालिच्याच्या मधोमध रेघ दिसली असती आणि नऊ महिन्यांचं काम वाया गेलं असतं.

धाकटा जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत आला. टबाजवळ असायचा तो टॅब त्याच्या हातात होता. "वहिनी, निळं उघडत नाहीये."

"बंद करून पुन्हा उघडा, भाऊजी."

"उघडलं. निळं नाही. लाल पण नाही. काहीच नाही."

वहिनीनं लॅपटॉप जवळ ओढला. 'कारखाना' होतं. ते उघडलं. आत तीन कागद होते: कामगारांच्या सुट्ट्या, गाडीवाल्यांचे फोन, आणि तिनंच कधीतरी केलेली साबणाची यादी. बाकी पांढरं. तिनं कचरापेटी पाहिली. रिकामी. शोधायच्या जागी 'निळी' लिहिलं. काही सापडलं नाही. 'लाल' लिहिलं. सापडलं नाही.

"काय झालं?" दादानं विचारलं.

तिला कळलं होतं. बावीस वर्षांत ऑफिसचा एक कागद तिच्या हातून हरवला नव्हता. "अहो, फोल्डर माझं होतं," ती म्हणाली. "आतलं सगळं आत्यांचं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे कपाट माझं आणि आतले डबे त्यांचे. जो फाइल चढवतो, त्याच्या नावावर ती राहते. मालक म्हणून. आपल्याला त्या दिसत होत्या, कारण त्या माझ्या कपाटात ठेवलेल्या होत्या. मी त्यांना काढलं, तर त्यांचं सगळं त्यांच्याबरोबर गेलं."

"सगळं म्हणजे किती?"

"सगळं म्हणजे सगळं. अकराशे."

दादा उभा राहिला आणि पुन्हा बसला. त्याचा चेहरा असा झाला, की वहिनीला क्षणभर त्याच्या छातीत दुखतंय की काय वाटलं. "मालक मी आहे," तो म्हणाला. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

"भाऊजी, निळ्याची कृती तुम्हाला आठवते?" वहिनीनं विचारलं. "तुम्ही पन्नासदा केली असेल."

धाकटा आपल्या हातांकडे बघत राहिला, मनगटापर्यंत रंगलेल्या. "आत्या सांगायची, मी ओतायचो," तो म्हणाला. "मी कधी पाठ केली नाही. कार्ड होतंच की."

"मी तर म्हणतच होते, आधी विचारा," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी असं काहीही म्हटलं नव्हतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. लेकीचा होता. लेकीला घरात सगळे ठकी म्हणत. ती एकवीस वर्षांची, दूरच्या शहरात कायदा शिकत होती, दादानं ठरवलं म्हणून. कारखान्यात येते म्हणाली होती बारावीनंतर, तर दादानं 'मुलीचे हात असे होतात' म्हणून धाकट्याचे हात दाखवले होते, आणि विषय संपला होता.

"आई," ठकी म्हणाली, "मला निळ्याच्या फोल्डरमधून कुणी काढलं?"

वहिनी खुर्चीतून उठली. "तू कशी होतीस तिथे?"

"आत्याआजीनं घेतलं होतं. रोज शिकवते ती मला. मी सुट्टीत आले होते ना, तेव्हा नमुन्याच्या लड्या घेऊन आले इकडे. बाबांना सांगू नकोस हं. माझं ते जुनं खातं आहे, मांजराचं. शाळेत असताना काढलेलं."

फोनचा आवाज मोठा होता. ऑफिस लहान. सगळ्यांनी ऐकलं. साप साप म्हणून भुई धोपटली आणि खाली आपलंच पोर निघालं. धाकट्यानं भिंतीकडे तोंड केलं. सासूबाई हळूच म्हणाल्या, "बाई गं."

वहिनी चप्पल पायात सरकवत निघाली. "मी येतो," दादा म्हणाला. "नको," ती म्हणाली. "हात माझा होता."

दोन गल्ल्यांचं अंतर, पण तिला ते पायाखालून सरकेना. काय बोलायचं ते ती जुळवत होती. चुकून झालं म्हणावं. यंत्राचं काही कळत नाही म्हणावं. आत्या विश्वास ठेवेल. आत्यानं तिच्यावर आजवर प्रत्येक गोष्टीत विश्वास ठेवला होता, आणि हेच तिला सहन होत नव्हतं.

दार उघडंच होतं. आत्या टेबलाशी बसली होती, चष्मा कपाळावर, समोर तिचा जुना लॅपटॉप. खिडकीच्या तारेवर निळ्याच निळ्या लड्यांचे तुकडे चिमट्यांनी लावलेले.

"ये," आत्या म्हणाली. "तुझ्याच फोनची वाट बघत होते. अगं, हे बघ काय आलंय." तिनं लॅपटॉप वळवला. मेलमध्ये लिहिलं होतं, की 'कारखाना' या फोल्डरमधून तुम्हाला काढण्यात आलं आहे. आणि कुणी काढलं, तेही लिहिलं होतं. वहिनीचं नाव, आडनावासकट, ठळक. "तुझा हात लागला वाटतं चुकून. म्हटलं, दाखवावं तुला. घाबरली असशील."

चुकून म्हणायची सोय आत्यानंच करून दिली होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"चुकून नाही, आत्या," वहिनी म्हणाली. "मी काढलं."

आत्यानं चष्मा खाली घेतला, डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे पाहिलं. ती नजर वहिनीला ओळखीची होती. शेड जुळत नसली की आत्या अशी बघायची, पुन्हा पुन्हा, आपलंच काही चुकलं असेल म्हणून. मग हळूहळू आत्याच्या चेहऱ्यावरचं सगळं ओसरलं. चाळीस वर्षं कुणी तिला रागावलं असेल, विसरलं असेल, गृहीत धरलं असेल. काढलं कुणी नव्हतं. तिची हनुवटी जरा हलली आणि तिनं ती हातानं धरली.

"का?" तिनं विचारलं.

वहिनीनं सगळं सांगितलं. मांजर, मुकादम, तीनदा विचारलेलं, तीनदा गप्प बसलेलं. एक शब्द गाळला नाही. सांगताना रडू आलं, तेही तिनं आवरलं नाही.

"मुकादमाला?" आत्या म्हणाली. "मी?" आणि तिनं खिडकीतल्या लड्यांकडे पाहिलं. "ठकी आहे ती. पोरीची नजर माझ्याहून चांगली आहे. माझ्या उजव्या डोळ्याला मोतीबिंदू आलाय, निळ्यातला फरक मला कळेनासा झालाय. म्हणून तिला शिकवत होते. तुम्हाला सांगणारच होते. तिची परीक्षा होऊ दे म्हटलं."

मोतीबिंदूचं वहिनीला माहीत नव्हतं. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"खाली टब तापलाय," वहिनी म्हणाली. हे बोलताना तिला स्वतःची शरम वाटली, पण गालिचेवाल्यांची गाडी निघाली असणार होती. "तुम्हाला काढलं आणि सगळ्या कृती गेल्या. त्या तुमच्या नावावर आहेत."

"माझ्या नावावर कशा? मी तर नुसते फोटो काढून चढवले."

"जो चढवतो त्याचं नाव लागतं."

आत्या हसली. खरंच हसली, आणि ते ऐकून वहिनीला जास्तच वाईट वाटलं. "चाळीस वर्षांत कशावर लागलं नाही," ती म्हणाली, "ते तिथे लागलं होय."

मग ती कामाला लागली. आत्या कामाला लागली की तिच्याशी बोलायचं नसतं, हे वहिनीला ठाऊक होतं. आधी तिनं निळ्याची कृती उघडली, एका कागदावर उतरवली, वहिनीला फोनवरून धाकट्याला वाचून दाखवायला लावली, आकडा न आकडा दोनदा. "सोडा दोन हप्त्यांत टाक म्हणावं. घाई केली तर डाग पडतात." मग विचारलं, "हे दुसऱ्याच्या नावावर करता येतं?"

"येतं. मालक बदलता येतो."

"दाखव."

वहिनीनं दाखवलं. तिच्या मनात आलं, की आता आत्या माझं नाव विचारेल, आणि मी काय म्हणू. आत्यानं विचारलं नाही. तिनं ठकीचा पत्ता टाकला. मग फोन करून, कशासाठी ते न सांगता, 'हो' म्हणायला सांगितलं. ठकीनं हो म्हटलं. मालक बदलला. मग आत्यानं सगळ्यांना एकेक करून आत घेतलं. दादा: फक्त पाहू शकतो. धाकटा: फक्त पाहू शकतो. वहिनीच्या नावापाशी ती थांबली.

"तू काय करणार आहेस?" तिनं विचारलं. "पाहणार, की बदलणार?"

"तुम्ही म्हणाल ते."

"हेच चुकतं तुझं," आत्या म्हणाली, आणि 'बदल करू शकते' हे लावलं.

आता यादीत पाच नावं होती. शेवटचं आत्याचं. आत्यानं लॅपटॉप वहिनीकडे सरकवला. "आता मला काढ."

"आत्या."

"तुला येतं ते. मला आता हे जमायचं नाही. रोज उघडून बसायचं, आणि मनात येत राहणार, आज आहे का मी यात. त्यापेक्षा नकोच."

"मी नाही काढणार," वहिनी म्हणाली. हात तिनं पाठीमागे घेतले. "कुणीही सांगितलं तरी नाही. तुम्ही सांगितलं तरी नाही. सकाळी म्हणायला हवं होतं, ते आत्ता म्हणतेय. मला माफ करू नका, पण राहा."

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. मायेनं पाहिलं, त्यात शंका नव्हती. मग लॅपटॉप परत आपल्याकडे ओढला, चष्मा नाकावर घट्ट केला, आणि बटण शोधायला लागली. शोधायला तिला वेळ लागला. वहिनी मदतीला गेली नाही. शेवटी सापडलं. नाव गेलं. यादीत चार नावं उरली.

"जा आता," आत्या म्हणाली. "लड्या टबात सोडायच्या आधी पाण्याला हात लावून बघ. धाकटा विसरतो."

वहिनी रस्त्यावर आली तेव्हा दादाचा फोन आला. त्याच्या आवाजात हायसं वाटल्याचं कळत होतं. सगळं परत दिसतंय म्हणाला. टब सुरू झाला म्हणाला. "पण मला नुसतंच पाहता येतंय. बदलता येत नाही. आणि मालक म्हणून हे मांजर काय लावलंय? काढ तिला आणि माझं नाव घाल."

"मालकाला काढायचं बटण नसतं," वहिनी म्हणाली.

"मग आत्याला सांग, ती करेल."

"आत्या यादीत नाहीत आता. त्यांनी स्वतःला काढलं."

फोनवर टबाचा घरघराट येत होता. मग धाकट्याचा आवाज आला, मागून कुठून तरी: "दादा, मग उद्यापासून शेड कोण जुळवणार?"

उत्तर वहिनीनंच दिलं. "लेकीला फोन करा, अहो," ती म्हणाली. "आणि या वेळी विचारा. ठरवून सांगू नका."